पोटभर जेवलेला माणूस

१

इद्रीस भिस्ती दुपारी बरा होऊन घरी गेला आणि दिवस मावळायच्या आत मेला.

दवाखान्याच्या दारातून तो आपल्या पायांनी बाहेर पडला होता. अंगावर दवाखान्याने निरोपाला दिलेला नवा झगा होता. दारवानाने नेहमीप्रमाणे बजावलं होतं, "जा, आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस." त्यावर इद्रीस हसलाही होता. संध्याकाळी त्याचा भाऊ गानिम तोच झगा हातात घेऊन मुहतसिबाच्या चौथऱ्यासमोर उभा राहिला. झगा छातीपासून खालपर्यंत रक्ताने काळा पडला होता.

"माझ्या भावाला कोंबडीतून विष घातलं," गानिम म्हणाला. "हम्माद आचाऱ्याने."

कैरोतल्या या दवाखान्यातून सुटायच्या दोनच वाटा आहेत असं लोक म्हणत, एक कोंबडीची आणि दुसरी कफनाची. रोगी सुधारलासा वाटला की त्याच्यापुढे अख्खी कोंबडी आणि रोटी ठेवायची. ती त्याने पुरती संपवली तर तो बरा, उरवली तर पुन्हा खाटेवर. मोठे हकीम बुर्हान या रिवाजाचे कडक होते. नाडी फसवील, लघवीचा रंग फसवील, पण पोट फसवत नाही, असं ते म्हणत.

इद्रीसने ताट चाटून पुसून साफ केलं होतं. हाडं बुर्हान हकिमांनी स्वतः पाहिली होती. म्हणजे माणूस बरा होता, आणि बरा माणूस चार घटकांत रक्त ओकून मरत नाही. मग विषाशिवाय दुसरं काय असणार?

हम्मादच्या विरुद्ध त्याची जीभच साक्षीला उभी राहिली. इद्रीस आजारी पडण्याआधी दवाखान्याच्या मुदपाकखान्यात पाणी भरायचा. रोज सकाळी दोघांची शिवीगाळ ठरलेली. "तुझ्या पखालीत नाईलचं पाणी कमी आणि बेडूक जास्त," एक म्हणायचा. "तुझ्या रश्श्यात तेच बेडूक आहेत," दुसरा म्हणायचा. त्याच आठवड्यात, सगळ्या दालनादेखत, हम्माद इद्रीसच्या खाटेशी उभा राहून म्हणाला होता, "थांब, तुझ्यासाठी अशी कोंबडी रांधतो की पुन्हा जेवणाचं नाव काढणार नाहीस." तेव्हा सगळे रोगी हसले होते. आता त्यातलाच प्रत्येक जण ते वाक्य मुहतसिबाला जसंच्या तसं सांगत होता.

बाजारावर, आचाऱ्यांवर आणि हकिमांवर नजर ठेवायचं काम मुहतसिबाचं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने बायकांच्या दालनाच्या हकीमबाई सुतैता यांना बोलावून घेतलं. सुतैताबाईंचे वडील हकीम होते, आणि त्यांच्याच हाताखाली त्या शिकल्या होत्या. आता केस पांढरे झाले होते, आवाज मात्र पूर्वीपासूनच हळू.

"बाई, सुतकातली विधवा परक्या पुरुषाशी बोलणार नाही. तुमच्याशी बोलेल," तो म्हणाला. "शुक्रवारच्या नमाजानंतर काझींसमोर सुनावणी आहे. जिवाला जीव, हा कायदा तुम्हाला मी सांगायला नको. वेगळं काही असेल तर त्याआधी आणा."

२

हम्मादला दाराजवळच्या कोठडीत ठेवलं होतं. सुतैताबाईंना पाहून तो उठून उभा राहिला, तर डोकं छताला लागलं.

"हकीमबाई, माझी मसूर कोण ढवळतंय? तो शिकाऊ असेल तर करपलीच म्हणून समजा."

"मसूर राहू दे. कोंबडीचं सांग."

"काय सांगू? कापली, उकळली, वर आलं आणि दालचिनी. काळीज मी खाल्लं. आचाऱ्याचा तेवढा हक्क असतो. रस्सा तुमच्याच दालनात गेला."

सुतैताबाईंना तो रस्सा आठवला. बाळंतिणीला पाजण्याआधी त्यांनी स्वतः चाखला होता. म्हणजे पातेल्यात तरी काही नव्हतं.

"ताट कोणी नेलं?"

"मुक्बिल सेवेकऱ्याने. झाकण घालून, रिवाजाप्रमाणे. रोग्यापुढे बसून शेवटच्या घासापर्यंत पाहायचं कामही त्याचंच." हम्माद खाली बसला. मग एकदम लहान आवाजात म्हणाला, "मी त्याला रोज शिव्या द्यायचो, बाई. तो खाटेला खिळला तसं सकाळी पाणी भरायला दुसराच कोणी यायला लागला. नुसता पाणी ओतून जातो, तोंडातून शब्द नाही. सकाळ सुनी झाली माझी. म्हणून मीच वर जाऊन त्याला शिवी देऊन आलो."

मुहतसिबाने ताट जपून ठेवलं होतं. सुतैताबाईंनी त्याचं झाकण काढलं.

हाडं साफ तर होतीच. पण त्याहून जास्त काहीतरी होतं. तंगडीचं हाड मधोमध फुटलेलं होतं, आतला मगज चोखून घेतलेला. मऊ टोकं चावून चावून नाहीशी केलेली. मानेचा एकेक मणका सुटा करून निपटलेला. दुखण्यातून उठलेला माणूस असा जेवत नाही. असा जेवतो तो उपाशी.

त्यांनी ते फुटकं हाड रुमालात बांधलं आणि इद्रीसच्या बायकोच्या, नुदारच्या घरची वाट धरली.

३

नुदार भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. पायाशी एक मातीचं भांडं होतं. त्यातली मुलुखियाची हिरवी भाजी तशीच वाळून गेली होती.

"त्याच्यासाठी केली होती," ती म्हणाली. "आला तो दारातच चटईवर बसला. मी वाढायला गेले तर म्हणाला, अगं, अख्खी कोंबडी खाऊन आलोय, पोट तुडुंब आहे. तू नुसती समोर बस. मी म्हटलं, कामं पडलीत. तर म्हणाला, पडू देत."

"मग?"

"बसले. शेजारणीच्या गाढवाची गोष्ट सांगितली, तर केवढा हसला. मग म्हणाला थोडा पडतो. आणि मग..." तिने ओढणीने तोंड झाकलं.

सुतैताबाई थांबल्या. हे विचारणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "बाळ, ओकारीत काय पडलं?"

"रक्त. काळं रक्त."

"आणखी? मांसाचे कण, रोटी?"

"नाही हो. मीच पुसलं सगळं, माझ्या हातांनी. रक्ताशिवाय काही नव्हतं."

रुमाल सुतैताबाईंच्या मांडीवर होता. त्या म्हणाल्या, "त्याचे दात कसे होते?"

"दात कसले राहिलेत. काविळीपासून हिरड्यांतून सारखं रक्त यायचं. दाढा हलायच्या. भेटायला गेले की रोटी पाण्यात भिजवून भरवायची मी." ती जरा थांबली. "दर वेळी एकच टुमणं, मला घरी ने. मीच नाही म्हणायची. मोठ्या हकिमांच्या पाया पडले, म्हटलं पुरता बरा झाल्याशिवाय सोडू नका याला, घरी आला की लगेच पखाल उचलील. आणि त्याला म्हणायची, कोंबडी खा, आणि मग ये."

दारात सावली पडली. गानिम आत आला नव्हता, पण ऐकत होता.

"तिला काय उलटसुलट विचारताय, हकीमबाई? विष कोणतं ते शोधा."

"दवाखान्यातून त्याला तू आणलंस ना? वाटेत काही दिलंस?"

"डाळिंबाचं सरबत. दोन घोट तो प्यायला, बाकी मी. मग आता मलाही कोठडीत घाला."

"आवाज चढवू नकोस रे, तिला त्रास होतो," सुतैताबाई म्हणाल्या, आणि तो खरंच गप्प झाला. रागाच्या आड बाकी काही नव्हतं, नुसतं दुःख होतं. थोरला भाऊ गेला होता, आणि त्याबद्दल कोणाची तरी मान धरल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता.

परतताना त्या गल्लीतून सावकाश चालल्या. काविळीने यकृत दगड झालं की शेवटी असंच काळं रक्त पडतं. त्यासाठी विष लागत नाही. हे त्यांनी वडिलांच्या हाताखाली अनेकदा पाहिलं होतं. पण एवढ्यावर काझी ऐकणार नव्हते. ते म्हणणार, मरणारा माणूस अख्खी कोंबडी कशी खाईल?

खाणार नाहीच. जे पोटात गेलं नाही ते ओकारीत पडत नाही, आणि हलत्या दाढांनी तंगडी फुटत नाही.

इद्रीसने त्या कोंबडीला तोंडही लावलं नव्हतं. मग ती खाल्ली कोणी?

४

मुक्बिल सेवेकरी अंगणातल्या हौदाशी वाट्या घासत होता.

"मी शपथेवर सांगितलंय, बाई. समोर बसलो होतो, शेवटच्या घासापर्यंत."

"मी कुठे नाही म्हणते? मला फक्त सांग, आधी काय खाल्लं त्याने?"

"आधी... तंगडी."

"दातांनी फोडली?"

"कडाकड."

सुतैताबाईंनी रुमाल सोडून हाड त्याच्यासमोर धरलं. "त्याची बायको त्याला रोटी भिजवून भरवायची, मुक्बिल. तूही भरवली असशील."

मुक्बिलच्या हातातली वाटी हौदात गेली. तो बराच वेळ ती शोधत राहिला.

"त्या दुपारी ऊदाच्या तारा छेडणारा वादक आला होता," शेवटी तो म्हणाला. "झोप न येणाऱ्यांसाठी येतो ना, तो. मी खांबाशी उभा राहिलो. म्हटलं एकच गाणं ऐकू. माझ्या आईच्या गावचं गाणं होतं ते, बाई. परत आलो तर ताट साफ, आणि इद्रीस म्हणतोय, ने रे बाबा, पोट फुटायला आलं. मला वाटलं, खाल्लं असेल. तो मेल्याचं कळलं, तेव्हा गाणं ऐकत होतो म्हणून सांगायची छाती झाली नाही."

"आणि हम्मादची मान गेली असती तर?"

मुक्बिलने सापडलेली वाटी पुन्हा घासायला घेतली. सुतैताबाईंनीही जास्त ताणलं नाही.

त्या पुरुषांच्या दालनात गेल्या. इद्रीसची खाट रिकामी होती, गादी उन्हात टाकलेली. खाटेपलीकडे पथ्यावरच्या तापकऱ्यांची रांग. इथे दिवसभर सातूच्या पाण्याखेरीज काही मिळत नसे. त्यामुळे सुतैताबाईंचा पांढरा बुरखा दिसताच नेहमीची आळवणी सुरू झाली.

"हकीमबाई, एक अंजीर. नुसतं चोखतो."

"आई, तुमच्या बायकांच्या दालनात रस्सा जातो म्हणे. आम्ही काय पाप केलं?"

"मला रोटीचा वास तरी द्या हो."

सुतैताबाई प्रत्येकाला काहीतरी मऊ बोलत पुढे सरकल्या आणि इद्रीसच्या शेजारच्या खाटेशी थांबल्या. तिथे शाबान पाथरवट होता. लांबलेल्या तापाने सगळ्यांत जास्त खंगलेला. किल्ल्याच्या तटावर दगड घडवणारा माणूस, जबडा अजून चौकोनी. काल-परवापर्यंत या रांगेत सगळ्यांत मोठ्याने ओरडून मागणारा तोच असे.

आज त्या समोर उभ्या असूनही त्याने काहीच मागितलं नाही.

"शाबान, भूक नाही?"

"नाही, बाई."

त्यांनी पांघरूण सारून त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं ताठ होतं. हात लागताच शाबानने ओठ चावला. कोंबडी कुठे गेली ते त्यांना कळलं, आणि ती आता काय करणार आहे तेही.

५

"सांग," त्या खाटेच्या कडेला बसत म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तुझ्याकडून त्याने शपथ घेतलीय ना?"

शाबानने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच बोलला, "कुराणावर हात ठेवून. त्या शपथेतून सोडवणारा आता कोणी उरला नाही, बाई. मेलेल्याला दिलेला शब्द."

"हम्माद कोठडीत आहे. शुक्रवारी त्याचा जीव जाईल."

"हम्माद?" त्याने डोळे उघडले. त्या रांगेतल्या कोणी त्याच्या कानावर हे घातलं नव्हतं, किंवा तापात त्याला ऐकू आलं नव्हतं. "तो कशाला? कोंबडी तर चांगली होती." आणि तोंडातून निघून गेलेलं लक्षात येऊन तो गप्प झाला.

सुतैताबाई हळूच म्हणाल्या, "शपथ मोडली तर त्याला प्रायश्चित्त आहे, शाबान. दहा गरिबांना जेवू घालावं, नाहीतर तीन रोजे धरावेत. तुझ्याच्याने होणार नाही. तुझ्या नावाने मी धरीन. अल्लाह दोघांचंही ऐकेल. पण निरपराध माणूस मेला, तर त्याला प्रायश्चित्त नाही."

शाबानने वरच्या कमानीकडे नजर लावली.

"त्याला ठाऊक होतं, तो वाचत नाही," मग त्याने सांगितलं. "पायाची सूज उतरली तशी मोठे हकीम खूश झाले. इद्रीस मला म्हणाला, ही दिव्याची शेवटची उसळी आहे, माझ्या बापालाही अशीच आली होती. मला घरी जायचंय. बायको म्हणते कोंबडी खाऊन ये. तीच नको म्हणते, तर हकिमांशी भांडू कोणाच्या जोरावर? इथे मेलो तर परके लोक आंघोळ घालतील. मला तिच्यासमोर जरा वेळ बसायचंय." शाबानला धाप लागली. "ताट आलं. मुक्बिल खांबाशी गेला. इद्रीसने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला वाटलं, त्याच्यावर उपकार करतोय. त्यालाही वाटलं असेल, उपाशी माणसाच्या तोंडी घास घालतोय. आणि खोटं कशाला बोलू, बाई? भूकही होती. हाडं चोखताना मी रडत होतो, इतकं चांगलं लागलं."

लांबलेल्या तापात आतडं कच्च्या, न भाजलेल्या मडक्यासारखं होतं. पाणी जेमतेम धरतं, जड अन्नाने फुटतं. हे त्या रांगेतल्या कोणालाच माहीत नव्हतं. हकिमांना फक्त पथ्य सांगायची सवय होती, कारण सांगायची नाही.

"मी मरणार का?" शाबानने विचारलं.

सुतैताबाईंनी त्याचा हात हातात घेतला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्यांनी हात सोडला नाही, आणि त्याला उत्तर मिळालं.

"मग लवकर बोलवा काझींना," तो म्हणाला. "हम्मादला सांगा, आलं जरा जास्त झालं होतं."

६

काझी, मुहतसिब आणि दोन साक्षीदार खाटेपाशीच आले. शाबानने सगळं पुन्हा सांगितलं, मध्येमध्ये थांबत. सुतैताबाईंनी हाडाचं, ओकारीचं आणि दातांचं सांगितलं. मुक्बिलने मान खाली घालून ऊदाचं सांगितलं. मुहतसिबाने त्याला दवाखान्याच्या चाकरीतून काढलं आणि खोट्या शपथेची शिक्षा पुढे सुनावू म्हणाला. गानिम दालनाच्या दारात उभा होता. मुहतसिबाने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझी तक्रार नाही."

बुर्हान हकीमही रांगेच्या टोकाला उभे होते. सगळे गेल्यावर त्यांनी शाबानचं पोट चाचपलं आणि खाटेपाशी खाली, फरशीवर बसले.

"सुतैता," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच 'बाई' गाळलं. "माझ्या हातून किती जण कोंबडी खाऊन गेले. त्यातले किती जण खरंच जेवले असतील?"

"ते आपल्याला कळणार नाही, हकीमसाहेब."

"तो मला म्हणाला असता, घरी जाऊन मरायचंय, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बायकोला तो घरी ने म्हणालाच होता. रोज म्हणत होता.

शाबान शुक्रवारी पहाटेच्या बांगेबरोबर गेला. शहरात त्याचं कोणी नव्हतं. दवाखान्याने कफन दिलं. कराफ्याच्या कब्रस्तानाकडे जनाजा निघाला तेव्हा पुढचा एक दांडा हम्मादने घेतला. गल्लीच्या तोंडाशी गानिम भेटला. त्याने दुसरा दांडा खांद्यावर घेतला. दोघांची उंची सारखी नव्हती, म्हणून हम्माद सगळी वाट गुडघे वाकवून चालला.

सुतैताबाईंनी दुसऱ्या दिवसापासून शाबानच्या नावाने रोजा धरला.

संध्याकाळी नुदार त्यांच्या दारी आली. सुतकात बाईने घराबाहेर पडू नये, हे दोघींनाही ठाऊक होतं. कोणीच त्याचा उच्चार केला नाही.

"गानिमने मला सगळं सांगितलं," ती उंबऱ्याशी बसत म्हणाली. "मीच त्याला म्हटलं होतं, कोंबडी खाऊन ये."

"तू त्याच्या भल्यासाठी म्हटलं होतंस."

"तो घरी ने म्हणाला तेव्हाच नेलं असतं, तर दोघं आणखी थोडे दिवस बसलो असतो. तो पाथरवटही जगला असता." तिचे डोळे कोरडे होते. "हकीमबाई, मला एकच सांगा. तेवढं तुम्हालाच कळेल. तो पोट तुडुंब आहे म्हणाला, ते खोटं होतं. बरा झालो म्हणाला, ते खोटं होतं. मग ती गाढवाची गोष्ट ऐकून हसला, तेही खोटंच का?"

सांत्वनासाठी उत्तर देणं सोपं होतं. सुतैताबाईंना खरं उत्तर द्यायचं होतं.

"त्या दुखण्यात हसणं सोपं नसतं, बाळ. बरगड्यांखाली कळ येते. उगाच कोणी हसत नाही. ते एवढंच खरं होतं, आणि त्याच्यासाठीच तो आला होता."

मशिदीच्या मनोऱ्यावरून मगरिबची बांग सुरू झाली. सुतैताबाईंनी पाण्याचं भांडं उचललं, 'बिस्मिल्ला' म्हणून घोट घेतला, आणि एक खजूर नुदारपुढे केला.

तिने तो हातात धरला, खाल्ला नाही.

"तुमचे किती रोजे उरले?"

"दोन."

"ती शपथ माझ्या माणसाने घ्यायला लावली होती," नुदार म्हणाली. "उरलेले मी धरते."

आणि मग तिने खजूर तोंडात घातला, कारण उद्याच्या उपासाआधी काहीतरी खायला हवं होतं.